भाज्याचा पाचू

लोणावळ्याच्या रत्नप्रदर्शनात मी पहिल्याच टेबलावर खडीसाखर विकायला काढली. तसा माझा इरादा नव्हता. कोटाच्या आतल्या खिशात वर्गातल्या सरावाच्या स्फटिकांची पुडी आहे, अशी माझी समजूत होती. खडे ज्या कागदात ठेवतात त्याची घडी घालायची एक खास रीत असते, आणि ती रीत मी महिनाभर घरी गिरवली होती. त्यामुळे घरातल्या जिऱ्यापासून जायफळापर्यंत सगळं तशाच घडीत जाऊन बसलं होतं. निघताना खोकल्यासाठी म्हणून हिने खिशात खडीसाखर टाकली, आणि स्फटिक राहिले कपाटावर.

समोर मुंबईचे एक वयस्क जवाहिरे बसले होते. त्यांच्याशी ओळख काढावी, दोन शब्द शिकून घ्यावेत, म्हणून मी अदबीने पुडी पुढे केली. त्यांनी ती उलगडली, चिमट्याने एक खडा उचलला, डोळ्याला भिंग लावलं. तेवढ्यात पुडीच्या घडीतून एक मुंगी निघाली आणि पांढऱ्या चादरीवरून त्यांच्या माणकांच्या दिशेने चालू लागली. शेठजींनी मुंगीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुडी पूर्ववत मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "जपून ठेवा."

बाहेर चहाच्या टपरीवर ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या वर्गाचे दांडेकर सर बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. मग त्यांनी आम्हाला धंद्याची रीत सांगितली. व्यापाऱ्याला खडा हवा असेल तर तो भाव विचारतो. शंका असेल तर खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहतो. आणि नको असेल, खोटा असेल, काच असेल, तरी तोंडावर कधी तसं म्हणत नाही. पुडी मिटायची, दोन्ही हातांनी द्यायची आणि म्हणायचं, जपून ठेवा. दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवणं म्हणजे त्याची पत बुडवणं.

"पण मुंगी दिसल्यावर तरी?" वर्गातल्या नलिनीने विचारलं.

"मुंगी दिसल्यावर तर नक्कीच," सर म्हणाले.

*शनिवार, लोणावळा*

मी या मंडळींत कसा, ते सांगायला हवं. पुण्यात पेठेत आमचं तीन पिढ्यांचं सोनारकामाचं दुकान. सोन्याचे कायदे आले आणि शेगडी दिवसचे दिवस पेटेनाशी झाली, तेव्हा सोनं नाही तर खडे, असं म्हणून मी चव्वेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या रत्नपारख वर्गात नाव घातलं. वर्गात पंधरा जण, मी सोडून सगळे विशीतले. पहिल्या दिवशी त्यांनी मलाच सर समजून उभं राहून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून मी 'काका' झालो. दांडेकर सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. माझी उत्तरं चुकली की त्यांनाच अवघडल्यासारखं होई, आणि त्यांना बरेचदा अवघडावं लागे.

प्रदर्शन लोणावळ्यालाच का, याचंही कारण मजेशीर आहे. मुंबईचे जवाहिरे पुण्याला यायला तयार नव्हते आणि पुण्याचे सराफ मुंबईला जायला. शेवटी मध्यावरचं एक आरोग्यभुवन दोन दिवसांसाठी घेतलं, म्हणजे दोघांचाही मान राहिला. माघाचे दिवस. सकाळी घाटातून वर चढलेलं धुकं खिडक्यांना टेकून उभं होतं. खडे बघायचे ते उत्तरेच्या उजेडात, दिव्याखाली नव्हे, असा त्या लोकांचा कडक नियम. त्यामुळे धुकं उठेपर्यंत एकानेही पुडी उघडली नाही. खिशात एवढा मोलाचा माल घेऊन सगळे मफलर गुंडाळून चहा पीत बसले होते. आमच्या पुण्यात लग्नाच्या पंगतीतसुद्धा इतकी शांतता नसते.

साडेदहाला ऊन आलं आणि हॉलचा रंगच पालटला. पांढऱ्या चादरींवर माणकं, पुष्कराज, गोमेद, पाचू. आम्ही वह्या घेऊन टेबलांमागून टेबलं हिंडलो. मुलं भराभर लिहून घेत होती, मी चष्मा आणि भिंग यांपैकी आधी काय लावावं या विचारात होतो. नलिनी ही आमच्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. तिने एका पाचूंच्या पुडीतून वेगळ्या खाणीचे दोन खडे ओळखून काढले, तेव्हा त्या व्यापाऱ्याने तिला खुर्ची दिली. मला खुर्ची मिळाली ती वेगळ्या कारणाने. पुण्याचे एक ओळखीचे सराफ चहाला निघाले होते. "बसा जरा, लक्ष ठेवा," म्हणून त्यांनी मला त्यांच्या टेबलामागे बसवलं.

मी बसलो, पाय लांब केले आणि व्यापाऱ्यासारखा चेहरा केला. तो फार यशस्वी झाला असावा, कारण लगेच एक गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं. धोतर, खांद्यावर घोंगडी, वय माझ्याएवढंच. दारावरच्या रखवालदाराने त्याला अडवलं नव्हतं, कारण दोघेही एकाच गावचे, जवळच्या भाज्याचे.

"राम राम भाऊ," तो म्हणाला. "म्या धोंडिबा. जरा बगता का?"

त्याने घोंगडीच्या टोकाची गाठ सोडली. आत अक्रोडाएवढा हिरवा खडा होता. पाण्यात कोवळं पान बुडवावं तसा रंग. माथा चौकोनी, सपाट, त्यावर मोत्याची झाक, आणि कडेला अभ्रकासारखे बारीक पदर. दिसायला इतका देखणा की हातातून ठेववेना. पण पाचूला असे पदर नसतात. सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारा हा स्फटिक सरांनी वर्गात दाखवला होता. त्याचं नाव लांबलचक आहे, आणि चाचणी परीक्षेत मी ते दोन वेळा दोन वेगळ्या तऱ्हांनी चुकलो होतो. म्हणूनच मला तो पक्का आठवत होता.

"कुठं सापडला?"

"हीर खनतोय घरामागं. खडकात कपार लागली. आत समदं हेच. पाचू हाय न्हवं?"

आता माझी कसोटी होती. समोर माणूस इतक्या आशेने उभा, शेजारच्या टेबलावरचे जवाहिरे कान देऊन ऐकत असलेले, आणि मी दुसऱ्याच्या खुर्चीत. मी खडा गाठीत परत ठेवला, दोन्ही हातांनी त्याला दिला आणि म्हणालो, "छान आहे. जपून ठेवा."

धोंडिबाचा चेहरा उजळला. "तुमी बी त्येच म्हनला. हितं धा टेबलं फिरलो, समदी त्येच म्हनत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची पोरं उद्या लेनी बगाय येनार हायत, रखवालदार म्हनला. घरी या जेवाय. न्हाई म्हनायचं न्हाई."

नाही म्हणायचं नाही, हेच तर मी नुकतं करून दाखवलं होतं. मी हो म्हणालो.

*रविवार, भाजे*

मळवली स्टेशनावर उतरून शेतांच्या बांधांवरून भाज्याला चालत गेलो. भात कापून झालेली खाचरं, मध्ये मध्ये पावट्याचे हिरवे तुकडे, समोर एका बाजूला लोहगड आणि एका बाजूला विसापूर. पायऱ्या चढताना मुलांनी गाणी म्हटली. मी श्वास म्हटला.

लेण्यांत इतर लोक मूर्ती पाहतात, आम्ही दागिने पाहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडी बायकांच्या हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कानांत ही एवढाली कुंडलं, कमरेला पट्टे. प्रत्येक मण्याला छिद्र कुठून पडलं असेल ते कळावं इतकं नेमकं काम. माझे आजोबा असते तर त्यांनी तिथेच बैठक मारली असती. मी बराच वेळ एका बांगडीच्या सांध्याकडे पाहत राहिलो. एवढे दागिने घडले तेव्हा कुठल्याच सोनाराची शेगडी थंड नसणार.

मग सर बाकीच्यांना घेऊन लोहगडाकडे निघाले. माझ्या गुडघ्यांनी सकाळीच राजीनामा दिला होता आणि नलिनीची चप्पल तुटली होती, म्हणून आम्ही दोघं गावात उतरलो, धोंडिबाकडे.

तो वाटेवरच उभा होता. घरात न नेता आधी घरामागे घेऊन गेला. विहीर तीन पुरुष खोल उतरली होती. तळाला दगडांचा चुरा, बाजूला आडव्या पडलेल्या पहारी, त्यांवर गंज धरलेला. तळाच्या जरा वर कपारीवर गोणपाट लावलेलं होतं आणि वरच्या दगडाला हळदकुंकू वाहिलेलं. शिडीवरून उतरून त्याने गोणपाट बाजूला केलं. दुपारचं ऊन तिरपं आत गेलं आणि अख्खी भिंत हिरवी चमकली. नलिनी काठावर ओणवी झाली.

"संक्रांतीला लागली कपार," धोंडिबा खालून म्हणाला. "तवापासनं काम बंद. सुरुंगवाल्याला परत धाडला. सुरुंगानं समदं फुटंल की."

"पाणी किती खाली आहे?" मी विचारलं.

"आनिक पुरुषभर गेलं की लागंल म्हनतो पानाड्या. वैशाखात बांधून काढायची व्हती. पावसाच्या आत बांधली न्हाई तर ढासळंल, मग पुन्यांदा पयल्यापासनं." तो वर आला, हात झटकले. "चार दिसांत परत सुरू करनार व्हतो. पर काल धा शेटांनी सांगितलं, जपून ठेवा. आता कशाला सुरुंग लावतोय?"

तेवढ्यात त्याची बायको सगुणा नदीवरून आली. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी. वाट चढून आल्यामुळे तिला बोलायला दम नव्हता. तिने नुसती मान हलवून आमचं स्वागत केलं आणि हंडे उतरवले. ही तिची सकाळपासूनची चौथी खेप, असं मागून कळलं. दोन खेपा आमच्यासाठी जास्तीच्या होत्या.

नलिनीने माझी बाही ओढली. "काका, सांगा ना त्यांना."

"तूच सांग की. तुला मार्क जास्त आहेत."

"जपून ठेवा कोण म्हणालं?"

मी विहिरीत पाहिलं. मग चुलीकडून भाताचा वास आला. "पानं मांडली आहेत," मी म्हणालो. "जेवणावरून माणसाला उठवू नये. जेवण झालं की सांगतो."

आंबेमोहोराचा भात, पावट्याची आमटी, तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेवटी शेवयांची खीर. पुण्यात आम्ही आंबेमोहोर सणाला आणतो आणि पाहुण्यांना वाढताना हात आखडता घेतो. इथे ताटातला भात निम्मा व्हायच्या आत नवा डोंगर येऊन पडे. मी नको म्हणत हात आडवा केला तर सगुणाने हातावर भात वाढला. "शेट, तुमी पाचू पारखला, तुमाला उपाशी कसं धाडनार?" धोंडिबा म्हणाला. मी घास खाली ठेवून तांब्या उचलला. पाणी प्यायलो. पाणीही तिनेच वाहून आणलेलं होतं. नलिनी ताटाकडे पाहत जेवत होती आणि मधूनमधून माझ्याकडे. मला खीर दोनदा वाढली. दोन्ही वेळा मी खाल्ली.

हात धुऊन ओटीवर बसलो. आता काही सबब उरली नव्हती.

"धोंडिबा, तो खडा आणा जरा. आणि वहिनी, दाभण असेल तर द्या."

दोन्ही आलं. मी सांगितलं की पाचू फार कठीण असतो, लोखंडी दाभणाने त्याला चरा उठत नाही. आणि परवानगी घेऊन खड्याच्या कडेला दाभण ओढलं. पांढरी रेघ उमटली. बोटाने पुसली तरी गेली नाही.

धोंडिबाने खडा हातात घेतला, रेघेवरून अंगठा फिरवला.

"म्हंजे पाचू न्हाई."

"नाही."

"काल तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"मग जपून ठेवा का म्हनला?"

मी त्याला आमच्या धंद्याची रीत समजावून सांगितली. दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही, पुडी मिटून परत द्यायची, जपून ठेवा म्हणजे आम्हाला नको. सांगताना ती रीत मलाच फार शहाणपणाची वाटेना.

"धाच्या धा जन असंच म्हनत व्हते?"

"दहाच्या दहा."

धोंडिबाने मान हलवली. "आमच्यात बैलाच्या बाजारात दात बगत्यात आन तोंडावर सांगत्यात, म्हातारा हाय म्हनून. मालकाला राग येत न्हाई. बैलाला बी येत न्हाई."

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली सगुणा पहिल्यांदाच बोलली. "म्या संक्रांतीलाच इळ्यानं खरवडून बगितला व्हता. भुगा पडला."

धोंडिबा वळला. "मला न्हाई सांगितलंस ते?"

"सांगितलं. तुमी म्हनला, तुला काय कळतंय पाचूतलं. काल तर काय, धा शेटांची साक्ष घिऊन आलासा माज्यासमूर. मंग गप बसले."

ती ज्या भुग्यावर एका दिवसात पोचली, तिथवर यायला मला वर्षाची फी आणि एक प्रदर्शन लागलं होतं.

शेवटी नलिनी पुढे सरकली. "बाबा, हा खोटा नाही बरं का. पाचू नाही, एवढंच. याला स्वतःचं नाव आहे. अंगठीत बसणार नाही, फुटेल. पण अख्खे निघाले तर कॉलेजातली माणसं कपाटात मांडायला नेतात. त्याचा बंगला नाही व्हायचा. आमच्या सरांना सांगते मी, ते पत्र लिहितील. तुम्ही छिन्नीने निघतील तेवढे अलगद काढून घ्या. पण त्यांच्यापायी विहीर थांबवू नका."

ती बोलताना मी पाहत होतो. तिने त्याला न लपवता सगळं सांगितलं आणि त्याला कमीपणाही आला नाही. त्या व्यापाऱ्याने तिला खुर्ची दिली होती ती योग्यच होती.

धोंडिबा उठला. तडक घरामागे गेला. आम्हाला वाटलं, रागावला. सगुणा म्हणाली, "जाऊ द्या. म्हैनाभर धरलेलं मनात, सुटाय येळ लागतोय." थोड्या वेळाने विहिरीतून छिन्नीचा आवाज यायला लागला, हळू हळू, थांबत थांबत.

आम्ही काठावर जाऊन निरोप घेतला. तो वर आला नाही, पण खालूनच म्हणाला, "सुरुंगवाल्याला सांजच्याला सांगावा धाडतो. चार दिसांत कपार मोकळी करतो, मंग उडवा म्हनतो." मग म्हणाला, "भाऊ, फुडल्या येळंला पानी प्याय या. हितलं."

सगुणाने निघताना नलिनीच्या हातात एक आणि माझ्या हातात एक अशी तांदळाची गाठोडी दिली. मी घ्यायला तयार नव्हतो. ती म्हणाली, "घ्या वो. तांदूळ खराच हाय." आणि रिकामी कळशी घेऊन नदीच्या वाटेपर्यंत आमच्याबरोबर चालत आली.

*घरी*

मी परत येऊन कोट काढायच्या आत हिने खिसे तपासले आणि खडीसाखरेची पुडी न उघडता कपाटावर ठेवली. चहा झाला. मग तिने तांदळाचं गाठोडं सोडून सुपात ओतलं, वास घेतला आणि निवडायला बसली. मी समोर बसून सगळी हकीकत सांगितली. मुंगी, लेण्यातल्या बांगड्या, कपारीतली हिरवी भिंत, पावट्याची आमटी, दोनदा वाढलेली खीर, आणि मग दाभण, आणि धोंडिबाचा अंगठा. शेवटाकडे आलो तेव्हा माझा आवाज जरा मोठा झाला असावा. दहा जवाहिऱ्यांना जमलं नाही ते मी तोंडावर बोललो होतो, आणि त्याबद्दल दोन चांगले शब्द ऐकायची माझी तयारी होती.

ती तांदूळ निवडत राहिली. एक खडा काढून बाजूला टाकला.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण आधी सांगायचं होतं, मग पानावर बसायचं. तरीही वाढलं असतं हो त्या बाईनं."

आणि सूप माझ्याकडे सरकवलं.